पराटीची काडी

पालथ्या नावेची भेग बाहेरून दिसत नाही. म्हणून एकानं नावेखाली अंधारात बसायचं आणि जिथून उजेड दिसेल, तिथून पराटीची, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडाची, काडी बाहेर काढायची. बाहेरच्यानं त्या जागी तेलात भिजवलेला कापूस ठोकायचा. शेवटची भेग मात्र आतला माणूस बाहेर आल्यावरच बुजवायची, ही आमची रीत.

नाव सासऱ्यांची. आत तेच बसायचे; ते वारल्यापासून माझी बायको वच्छला बसते. धरण भरायच्या आत नाव पाण्यात हवी होती, कारण आमचं पोट मासोळीवर आहे.

जेवणानंतर निंबाखाली माझा डोळा लागला. जाग आली, तेव्हा काडी बाहेर आलेलीच होती. वच्छला आधीच आत जाऊन बसली, असं मला वाटलं. मी ठोकलं की काडी आत जायची आणि थोडी पुढं पुन्हा उगवायची. दुपार पांढरी पडली होती. हात आपोआप चालत होते.

"आता किती राहिल्या वं?" मी विचारलं.

"काय किती?" वच्छला मागून म्हणाली. तिच्या हातात चहा होता. "मी तं घरात होती, चाय मांडून."

नाकाडाजवळच्या, नावेच्या पुढच्या टोकाच्या, शेवटच्या भेगेतून काडी वर आली आणि थांबली. मी कापूस उचलला.

वच्छलानं माझं मनगट धरलं. "पयले त्यायले बाहेर येऊ द्या."

ती वाकली. विटांवर टेकवलेल्या कडेखाली तिनं हात दिला, आणि कोणाचं तरी वजन पेलावं तसा तिचा हात हळूहळू ताठ झाला.