जिन्यातला डास

“माझं रक्त कशाला पायजे? त्या मागच्या खोल्यांतल्या लोकांचं घे की,” अमरसिंह म्हणाले, पण बोट त्यांनी पुढं केलं.

त्रिशलानं सुई टोचली. “सगळ्या गल्लीचंच घेतोय काका. डास काय घर बघून चावत न्हाय.”

अमरसिंह मोठ्यानं हसले. मागं उभी असलेली काकीही हसली आणि पदराला हात पुसून तिनं आपलं बोट दिलं.

या घरात त्रिशलाला परकेपणा कधी वाटला नव्हता. या दोघांची एकुलती एक लेक अनुजा ही तिची कॉलेजातली जिवाभावाची मैत्रीण. तीन वर्षांपूर्वी अनुजाचं लग्न ठरलं आणि ती कॅनडाला गेली. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून अक्षताही तिकडंच पडल्या. तेव्हापासून तिचा फोन नाही, मेसेजला उत्तर नाही. शेवटची भेटली तेव्हा तिच्या पायात साधी चप्पल जात नव्हती. “मुरगळलाय गं,” एवढंच म्हणाली होती. मोठ्या घरी गेलं की माणूस मागचं विसरतं, असं म्हणून त्रिशलानं मन घट्ट केलं होतं. तरी या सोफ्यावर बसलं की आत कुठंतरी टोचायचंच.

पण आता ती आली होती ती कामासाठी. राजारामपुरीतल्या एका प्रयोगशाळेत ती हत्तीरोगावर संशोधन करत होती. गेल्या आठवड्यात उचगावातल्या घराघरांतून डास पकडताना तिला याच बंगल्यातल्या जिन्याच्या भिंतीवर एक मादी मिळाली होती. रक्त पिऊन पोट टम्म फुगलेलं. त्या रक्तात हत्तीरोगाचे जंतू वळवळत होते.

डासाला हा रोग माणसाकडूनच मिळतो. म्हणजे आसपास कुणाच्या तरी अंगात तो होता. ते माणूस सापडलं, त्याला गोळ्या दिल्या, की पुढच्या कितीतरी जणांचे हातपाय सुजायचे वाचतात. त्रिशलाला ते माणूस हवं होतं.

गल्लीला मात्र ते आधीच सापडलं होतं. बंगल्यामागच्या पत्र्याच्या खोल्यांत फौंड्रीत काम करणारे बिहारी कामगार भाड्यानं राहत होते. रोग त्यांनीच आणला, असं सगळे बोलायला लागले. सगळ्यांत मोठा आवाज अमरसिंहांचा. रविवारी सभा घ्यायची आणि खोल्या रिकाम्या करायला लावायच्या, हे त्यांनीच ठरवलं होतं.

खोल्यांतल्या एकानंही रक्त द्यायला कुरकुर केली नाही. शिवपूजन नावाचा कामगार तर स्वतः सगळ्यांना रांगेत उभं करत होता. शेवटी त्यानं हळूच विचारलं, “मॅडम, खरं सांगा. आमचं रक्त खराब हाय काय?”

“तपासल्याशिवाय कसं सांगू?”

“बायको भरल्या दिवसांची हाय. रविवारनंतर तिला घेऊन कुठं जाऊ?”



तपासणी झाली. खोल्यांतल्या कुणालाच रोग नव्हता. गल्लीतही कुणाला नव्हता. अमरसिंह आणि काकीही ठणठणीत. त्रिशला चक्रावून गेली.

“डासानं प्यालेलं रक्त आपण गोठवून ठेवलं होतं, ते थोडं शिल्लक आहे,” प्रयोगशाळेतला तिचा सहकारी अनेकांत म्हणाला. “सगळ्यांच्या रक्ताशी ते जुळवून बघू. लोकांनी त्याला परवानगी दिलीय. नेमकं कुणाचं प्यालं ते कळेल.”

रविवार उजाडला तरी त्याचं काम संपलं नव्हतं. त्रिशला सकाळीच बंगल्यावर गेली.

“काका, त्या लोकांत कुणालाच रोग न्हाय. सभा थांबवा.”

“तुझ्या मशिनीला काय कळतंय?” अमरसिंह म्हणाले. “ही माणसं यायच्या आधी उचगावात असलं काय हुतं का?”

काकीनं चहा आणून ठेवला. विषय बदलावा म्हणून त्रिशलानं विचारलं, “अनुजा कशी हाय, काकी?”

“झ्याक हाय की. कालच बोलली. बरफ पडतंय म्हणं तिकडं.”

“मला पार विसरली ती.”

“संसारात पडल्यावर बाईला कुठलं ध्यानात ऱ्हातंय?” काकी म्हणाली. ओट्यावरचं झाकलेलं ताट तिनं उचललं. “देवाला निवद दाखवून आले हं,” म्हणत ती जिना चढून वर गेली.

तेवढ्यात फोन वाजला. अनेकांत होता.

“जुळवून झालं. खोल्यांतल्या कुणाचंही ते रक्त नाही.”

त्रिशलाचा जीव भांड्यात पडला. “काका, ऐकलं काय? त्या कामगारांचं न्हाय ते रक्त!”

अमरसिंहांचा कप ओठाशीच थांबला.

“मग कुणाचं हाय?” तिनं फोनवर विचारलं.

“आपण ज्यांची बोटं टोचली त्यांच्यातल्या कुणाचंच नाही. पण दोघांशी ते अर्धंअर्धं जुळतंय. अमरसिंहांशी आणि त्यांच्या बायकोशी.”

“म्हणजे?”

“म्हणजे ते त्यांच्या पोटच्या मुलीचं आहे. तिच्यापर्यंत लवकर गोळ्या पोचवायला हव्यात.”

“काहीतरी चुकतंय तुझं,” त्रिशला हसून म्हणाली. “अनुजा तीन वर्षं झाली, कॅनडात हाय.”

अमरसिंहांनी कप खाली ठेवला. ते उठले, दाराशी गेले आणि त्यांनी आतून कडी घातली.

“त्रिशला,” फोनवर अनेकांत म्हणाला, “जिवंत डासाच्या पोटात रक्त दोन-तीन दिवसांच्या वर टिकत नाही.”