दयेचा अर्ज

तेग्योमची आई दारातच गुडघे टेकून बसली, बूट काढून ठेवतात त्या जागी. पुढ्यात नासपतींची पेटी आणि पेटीवर एक छापील कागद. दयेचा अर्ज. पीडित मुलीच्या घरच्यांनी त्यावर सहीऐवजी आपला शिक्का मारला, तर बालन्यायालय मुलाला जरा सांभाळून घेतं.

"उठा हो ताई," दाओनची आई म्हणाली. "शेजारीपाजारी बघतायत."

"बघू देत. शिक्का मिळाल्याशिवाय मी उठायची नाही."

नवव्या मजल्यावरची ही, सातव्यावरची ती. आठ वर्षं दर नोव्हेंबरला दोघींनी एका टोपात किमची, हिवाळ्यासाठीचं कोबीचं लोणचं, घातलेली. आणि आता हिच्या तेग्योमने, पंधरा वर्षांच्या घोड्याने, दाओनचा फोटो एआयला देऊन नको ते चित्र बनवून घेतलं आणि शाळेतल्या पोरांच्या गटात टाकलं. चौदा वर्षांची दाओन तीन आठवडे खोलीबाहेर पडली नव्हती.

"त्याला कळलं नाही हो. सगळीच पोरं करतात म्हणे. आता नावावर डाग लागला, तर जन्माचं वाटोळं होईल त्याच्या."

"आणि माझ्या पोरीच्या?"

"तिला कुणी हात तरी लावलाय का? खोटं चित्र ते! सगळं त्या यंत्राने केलेलं."

दाओनच्या आईचं टाळकंच सरकलं. "खोटं ना? मग काढून आणा बघू सगळ्यांच्या फोनातून! पोलीससुद्धा हात वर करतात. कुठे कुठे गेलंय, कुणालाच सांगता येत नाही म्हणे."

तेग्योमच्या आईने मान वर केली. बाईचे डोळे रडून रडून सुजले होते, पण बोलायचं ते बोललीच. "आणि त्याला फोटो कुठे मिळाला, ते सांगितलं का पोलिसांनी? तुमच्याच चॅटच्या खात्यावर. तुम्हीच लावला होतात ना, नावापुढे?"

लावला होता. इथल्या कुठल्याही आईचा फोन उघडून बघा, स्वतःचा चेहरा कुणी लावत नाही, लेकराचा लावतात. दाओनच्या आईने तो शाळेच्या फाटकापाशी काढला होता. नवा गणवेश, पहिला दिवस. चार जणींनी कौतुक केलं तेव्हा ती केवढी फुलली होती!

आतलं दार उघडलं. दाओन बाहेर आली. घरातल्या घरात तोंडाला मास्क, डोक्यावर टोपी.

"काकू, तुम्ही पाहिलंत ते?"

"पोलिसांनी दाखवलं गं, बाळा. बघावंच लागलं."

"बघितल्या बघितल्या काय वाटलं? ही मी नाही, असं वाटलं?"

तेग्योमची आई खाली बघत राहिली. हो म्हणाली असती तर काय बिघडणार होतं? पण तेवढं एक खोटंही तिला जमलं नाही.

"मी पहिलीत होते तेव्हापासून बघताय मला," दाओन म्हणाली. आवाज चढला नाही, की रडवेला झाला नाही. मग ती आईकडे वळली. "आणि तू?"

"मी... अगं, मला त्या क्षणी..."

"फोन माझ्यापुढे धरलास आणि विचारलंस, हे कधी काढलंस म्हणून. मी नाही म्हणाले, तर थोबाडीत दिलीस."

दाओन खोलीकडे वळली आणि उंबऱ्याशी थांबली.

"शिक्का देऊन टाक, आई. एकट्या त्यालाच कशाला शिक्षा?"