काड्यापेटी

शिकारीच्या खोपटातून निघताना न्युर्गुनने चुलीत वाळकी लाकडं रचली, काड्यापेटी अर्धवट उघडली आणि काड्या निम्म्या बाहेर ओढून ठेवल्या.

“हा थाट कुणासाठी, सासरेबुवा?” नुकताच सैबेरियात राहायला आलेला जावई ग्लेब हसला.

“जो गारठून येईल त्याच्यासाठी. इथे राहायचंय ना? मग शीक.”

“इथे चिटपाखरूही फिरकत नाही!” म्हातारा बाहेर पडताच ग्लेबने काड्या आत सारल्या आणि पेटी घट्ट बंद केली.

थोडं पुढे गेल्यावर नदीवरचा बर्फ खचला. बुडत्या म्हाताऱ्याला बाहेर ओढून, पाठीवर घेऊन ग्लेब कसाबसा खोपटात परतला. दोघंही चिंब. बोटं लाकडासारखी ताठ झालेली. पेटी हातातून सारखी निसटत होती.

“दातांनी ओढ, पोरा,” म्हातारा पुटपुटला. “काड्या बाहेरच ठेवल्यात मी.”