उजेड नीट धर

गाडीचे स्पार्क प्लग मी घरीच बदलतो. मी पाना फिरवायचो, बायको टॉर्च धरायची. पण माझे हात असतील तिथे कधीच नाही, तिची नजर जाईल तिथे. दर वेळी आमचं वाजायचं.

ती गेल्यानंतर आज पहिल्यांदाच बॉनेट उघडलं. टॉर्च वर दोरीने टांगली, तर ती सारखी डावीकडे वळत होती. तीनदा सरळ केली. चारही प्लग बसवले आणि गाडी सुरू करायला निघालो, तर पुन्हा वळली.

"अगं, झालं माझं काम. आता तिकडे काय आहे?" सवयीने बोलून गेलो.

आणि वैतागून तिकडे पाहिलं.


इंजिनच्या पंख्याच्या पात्यांत, मी सुरुवातीलाच ठेवून विसरलेला दुसरा पाना होता.