पहिल्या तीन भेटी

"नाव?" लिदियाबाईंनी विचारलं.

"रोके इबान्येस," अन्सेल्मोने ठोकून दिलं.

अडुसष्टाव्या वर्षी माणूस आयुष्यात पहिल्यांदा समुपदेशकाकडे आला आणि पहिलंच वाक्य खोटं बोलला. पण त्याला त्याचं काही वाटलं नाही. खरं नाव सांगितलं असतं तर बाईंनी दारातूनच परत पाठवलं असतं, अशी त्याची खात्री होती.

हे सगळं त्याला ओस्वाल्दोने पढवलं होतं. दोघांनी मिळून तीस वर्षं या शहरातल्या लिफ्ट दुरुस्त केल्या. ओस्वाल्दो वीस वर्षांपासून समुपदेशकाकडे जातो. आमच्या ब्युनॉस आयर्समध्ये त्यात लपवण्यासारखं काही नाही; लोक दाताच्या डॉक्टरकडे जायला टाळाटाळ करतील, पण इकडचा तास चुकवणार नाहीत. कॉफी ढवळत ओस्वाल्दोने त्याची शिकवणीच घेतली. पहिल्या तीन भेटी नुसत्या ओळखीच्या. त्यानंतर तुला घ्यायचं की नाही, ते बाई ठरवणार. तू गप्प बसलास तर त्याही गप्प बसतील, घाबरायचं नाही. पन्नास मिनिटं झाली की वाक्य अर्धं राहिलं तरी उठवतील, तेव्हा चिडायचं नाही.

"आणि नेलिदाचं नाव काढू नकोस," तो म्हणाला. "आपल्याकडे येणाऱ्याच्या घरातलं माणूस त्या घेत नाहीत. नवरा नाही, बायको नाही, पोरं नाहीत. येणारा मेला तरी नाही."

"मग मी रोके."

"थोबाडावरून वाटत तर नाहीस."

नेलिदा म्हणजे अन्सेल्मोची बायको. तिला जाऊन पाच महिने झाले होते. शेवटची अकरा वर्षं ती दर मंगळवारी पाचच्या सुमारास केस नीट करून, "बोलून येते" म्हणून बाहेर पडायची. फ्रिजवर लिदियाबाईंचं कार्ड लावलेलं असायचं. तिथे काय बोललीस, हे अन्सेल्मोने कधी विचारलं नाही. इथे कुणीच कुणाला ते विचारत नाही, आणि त्या तासात फोनही करत नाही.

मंगळवार सुरू झाले ते कारीनामुळे. कारीना त्यांची एकुलती एक मुलगी. एका भांडणात अन्सेल्मोने तिला घराबाहेर काढलं आणि ती थेट स्पेनला निघून गेली. नेलिदाने नवऱ्यासमोर तोंडातून ब्रही काढला नाही. अकरा वर्षं त्याला जेवायला वाढलं, औषधं दिली, पण एकदाही म्हणाली नाही की तू चुकलास. ते सगळं ती मंगळवारी ओतून येत असणार, हे त्याने केव्हाच ताडलं होतं. आता त्याला ते ऐकायचंच होतं. शिव्या असल्या तर शिव्या. त्याशिवाय त्याच्याने कारीनाला फोन करवणार नव्हता. आईचं मत कळल्याशिवाय तो लेकीला काय तोंड दाखवणार?

पहिली भेट त्याने आपल्या आईवर काढली. दुसरीत त्याने खोली नजरेखालून घातली. नेलिदा खिडकीकडे तोंड करून बसत असेल की भिंतीकडे? मग त्याने आडून विचारून पाहिलं, की बायका इथे फार रडत असतील नाही का. दुसऱ्यांबद्दल आपण इथे बोलत नाही, एवढंच बाई म्हणाल्या. अन्सेल्मोला उलट बरं वाटलं. नेलिदाचं बोलणं पक्क्या कुलपात होतं.

तिसऱ्या गुरुवारी बाईंनी दारात इथल्या रिवाजाप्रमाणे गालाला गाल लावून त्याला आत घेतलं. तो बसला आणि कसा कोण जाणे, कारीनाबद्दल बोलायला लागला. बॅग तिने स्वतःच खाली नेली. लिफ्टचं जाळीचं दार त्यानेच लावून दिलं. "परत या घरात पाऊल टाकू नकोस," असं तो जाळीतून म्हणाला होता. हे त्याने ओस्वाल्दोलाही कधी सांगितलं नव्हतं. त्याला रडू आलं, आणि ते त्याने पुसलंही नाही.

"आणि तुमची बायको काय म्हणाली?" बाईंनी हळूच विचारलं.

"ते तुम्हालाच माहीत."

शब्द निघून गेले होते. आता माघार घेण्यात अर्थ नव्हता.

"मी रोके नाही. अन्सेल्मो किरोगा. नेलिदा पास्क्वालचा नवरा. अकरा वर्षं दर मंगळवारी ती तुमच्याकडे येत होती." त्याने कोट उचलला. "तुमचा नियम मला ठाऊक आहे. मी जातो, पुन्हा येणार नाही. फक्त एवढं सांगा, तिने मला दोष दिला का? जे असेल ते सांगा. मी ऐकायला आलोय."

बाईंनी हातातलं पेन डायरीवर ठेवलं.

"इथे कोण येतं, कोण येत नाही, हे मी कुणाला सांगत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही आलात, हेही सांगणार नाही."

"आणि नियम?"

"तो तुम्ही बरोबर ऐकलाय. माझ्याकडे येणाऱ्याच्या घरातलं माणूस मी घेत नाही. तीस वर्षांत एकदाही घेतलं नाही, आणि तुमच्यासाठीही तो मोडणार नाही."

अन्सेल्मोने मान हलवली आणि कोटाची बाही शोधायला लागला. बाईंनी डायरी उघडली. रोके इबान्येस खोडलं, त्याच्याखाली सावकाश अन्सेल्मो किरोगा लिहिलं, आणि म्हणाल्या, "बसा. नियम मोडत नाहीये मी. पुढच्या गुरुवारपासून आपण सुरू करू."