खारवणचं पाणी

हव्या त्या गावच्या पाण्याची चव देणारा सिंकखालचा जुना फिल्टर क्षाराने पार चोंदला होता. रेहाना तो बदलायला आली, तेव्हा केरबा शेलार तिच्याशेजारी फरशीवरच बसले.

"यातली चव वाचता येईल ना? माझ्या बायकोनं, इंदूनं, तीस वर्षांपूर्वी लावली होती. कुठली, ते मी कधी विचारलं नाही. ती गेल्यावर आता एवढंच राहिलंय."

"बघते, काका. क्षार फार चढलाय."

तिने चिप पुसून यंत्राला लावली. काहीच उमटलं नाही. तिने पुन्हा पुसली.

"आली. आंबेघर, वरची विहीर."

"ते तर माझं गाव," केरबा म्हणाले. तीस वर्षं इंदूही हेच पाणी प्यायली होती.

"मग नव्यातही आंबेघरच लावते. चव तीच, क्षार मात्र धरणार नाही."

"खारवण आहे का? तिचं माहेर."

"आहे. पण ते कुणी घेत नाही, काका. मचूळ आहे."

तिने नवा फिल्टर खारवणवर लावून पेलाभर पाणी काढून दिलं. पहिल्या घोटाला केरबांचं तोंड वाकडं झालं. त्यांनी पेला संपवला.

"हेच राहू दे," ते म्हणाले.