दुसरा जोड
शेडच्या दाराशी गमबुटांचे दोन जोड असायचे, एक त्याचा, दुसरा बायकोचा. बाहेरचं पायताण कोंबड्यांत न्यायचं नाही, हा दंडक तिचाच. ती वारली, तरी तो दोन्ही रोज धुऊन ठेवायचा. एके दिवशी कोंबड्यांत साथीच्या रोगाचे जंतू सापडले. डॉक्टरांनी विचारलं, “बाहेरचं कुणी आत गेलं होतं?” “बाहेरचं नाही. लेक आली होती.” “तिला हा दुसरा जोड का नाही दिलात?” आईच्या बुटांत पाय घाल म्हणायला त्याची जीभ रेटली नव्हती. दारातून परतवायलाही मन धजलं नव्हतं. सगळ्या कोंबड्या माराव्या लागल्या. शांतता खायला उठली तेव्हा त्यानं लेकीला फोन लावला. कोंबड्यांचं अवाक्षर न काढता विचारलं, “आईचे बूट तुला होतील ना?” “होतील की. का?” “येशील तेव्हा लागतील.” “बघू, बाबा.” रिकाम्या शेडच्या दाराशी त्यानं दुसरा जोड तेवढा धुतला.